दिवाळीआधीची अकरावी-बारावी

आपल्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर दोन पाट्या आहेत. वरची दगडात कोरलेली, 'विद्यालय' अशी. तिच्याखाली नंतर बसवलेली पत्र्याची पाटी, 'व कनिष्ठ महाविद्यालय'. माजी विद्यार्थी मेळाव्याला येणारे आपण बहुतेक जण पहिल्या पाटीखाली जमतो. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या आठवणी भरपूर लिहिल्या जातात. अकरावी-बारावीवर मात्र कोणी लिहीत नाही. ती दोन वर्षं ना धड शाळेची, ना धड कॉलेजची. म्हणून या स्मरणिकेत मी त्या 'व'चा इतिहास लिहायचं ठरवलं. तो इतिहास आपल्या शाळेपुरता नाही, महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शाळांचा आहे.

आपल्या आजोबांच्या पिढीत मराठी चौथी झाली की इंग्रजी पहिली लागायची आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याच पहिल्या तुकडीतले. शिकवायचं शाळेने आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, अशी ती व्यवस्था होती. पुढे एस.एस.सी. आली, १ जानेवारी १९६६ रोजी आजचं राज्य मंडळ अस्तित्वात आलं, तरी शालान्त परीक्षा अकरावीलाच राहिली. त्यानंतर मुलगा थेट कॉलेजात जायचा. डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं असेल तर इंटर सायन्सला गुण मिळवावे लागत. म्हणजे पुढच्या आयुष्याचं दार शहरातल्या कॉलेजात होतं. ट्रंक-वळकटी घेऊन सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तिकडे जायचा. मुलीला पाठवायचं का, हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारलाही जायचा नाही. "मॅट्रिक झाली, पुष्कळ झालं," एवढ्यावर विषय संपायचा.

इंग्लंडमध्ये याच वयाच्या दोन वर्षांना सिक्स्थ फॉर्म म्हणतात आणि तिथे ती परंपरेने शाळेतच होतात. शाळेतली सगळ्यात मोठी मुलं म्हणून त्यांच्याकडे लहान वर्गांची थोडी जबाबदारीही येते. आपल्याकडे ही दोन वर्षं शाळेत आणण्याचा विचार कोठारी आयोगाने मांडला. दौलतसिंह कोठारी अध्यक्ष असलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, तेच हे नाईक. आयोगाचा अहवाल १९६६ साली आला. दहा वर्षं शाळा, त्यावर दोन वर्षं उच्च माध्यमिक आणि मग तीन वर्षांची पदवी, हा आराखडा त्यातून रुजला. दहावीनंतर शिकणाऱ्यांपैकी निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळावीत, अशीही आयोगाची अपेक्षा होती.

महाराष्ट्रात नवा आकृतिबंध १९७२ च्या जूनपासून आठवीला लागू झाला. त्यामुळे १९७५ च्या मार्चमध्ये जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन तुकड्या एकाच वर्षी एस.एस.सी.ला बसल्या. या मेळाव्यात त्या दोन्ही तुकड्यांमधली मंडळी भेटतील. "आम्ही अकरावीवाले" आणि "आम्ही दहावीवाले" हा त्यांचा लटका वाद अजून चालू असतो. नव्या बारावीची पहिली परीक्षा १९७७ साली झाली.

प्रश्न होता तो ही दोन वर्षं बसवायची कुठे, हा. उत्तरं तीन निघाली. काही ठिकाणी ती वरिष्ठ महाविद्यालयाला जोडली गेली, काही ठिकाणी स्वतंत्र कनिष्ठ महाविद्यालयं निघाली आणि तालुक्याच्या अनेक गावांत ती शाळेलाच जोडली गेली. आपल्याकडे तिसरं उत्तर निवडलं गेलं. पदव्युत्तर पदवी असलेले शाळेतलेच काही शिक्षक वर सरकले, शाळेच्या प्रयोगशाळेत टेबलं वाढली आणि तीच घंटा, तीच प्रार्थना, तोच गणवेश आणखी दोन वर्षं चालू राहिला. शहरातल्या मुलांना गणवेशातल्या अकरावीचं हसू येतं. पण गणवेश होता म्हणूनच कितीतरी बापांनी मुलींना पुढे पाठवलं. मुलगी कॉलेजात चालली नव्हती, ती शाळेतच होती. ऐंशीच्या दशकात शासनाने मुलींची बारावीपर्यंतची फी माफ केली आणि ही वाट आणखी रुंद झाली. एसटीचा मोफत प्रवास मात्र आमच्या वेळी मुलींना दहावीपर्यंतच होता. अकरावीला सवलतीचा पास काढायचा आणि त्यासाठी दर महिन्याला घरी पैसे मागायचे. माझ्या वर्गातल्या दोघी त्या पासापायी दहावीलाच थांबल्या. आता ही सवलत बारावीपर्यंत आली आहे, ही फार चांगली गोष्ट झाली.

नव्या रचनेत आणखी एक बदल झाला आणि तो फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. इंटर सायन्स गेलं आणि त्याची जागा बारावीने घेतली. शहरातल्या कॉलेजात असलेलं ते दार आपल्या शाळेच्या वरच्या मजल्यावर आलं. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि दारापुढची रांग वाढली. निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणाकडे जाण्याची आयोगाची अपेक्षा कागदावर राहिली. पण दार शाळेत होतं, त्यामुळे मुलंही शाळेत होती. आमच्या वेळी अभियांत्रिकीचा प्रवेश बारावीच्या पीसीएमच्या गुणांवर व्हायचा, आणि ते गुण कसे मिळवायचे हे शिकवणारी माणसं म्हणजे आपले सर आणि बाईच.

आमची तुकडी १९९७ ते १९९९ ची. बारावीचे वर्ग जूनमध्ये सुरू व्हायचे, पण अकरावीचे दहावीचा निकाल आणि प्रवेश उरकून जुलैच्या मध्यावर. सत्र संपायचं दिवाळीच्या सुट्टीला, आणि दिवाळी काही तारखेला बांधलेली नसते. १९९७ साली लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला होतं, १९९८ साली १९ ऑक्टोबरला. म्हणजे आमच्या बारावीचं पहिलं सत्र अकरा दिवस अलीकडेच आटोपलं. भौतिकशास्त्राचे सर जूनमध्येच कालनिर्णय उघडून धडे वाटून घ्यायचे, ते यासाठी.

दिवाळीनंतर बारावीचा विद्यार्थी शाळेत असून नसल्यासारखाच. उरलेला पोर्शन, पूर्वपरीक्षा, प्रात्यक्षिकं, बोर्ड. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात बारावीने भाग घ्यायचा नाही, असा अलिखित नियम होता. त्यामुळे विद्यार्थी म्हणून जे काही करायचं, ते दिवाळीआधी. किती गोष्टी त्या चार महिन्यांत बसवलेल्या होत्या, हे आता मोजताना नवल वाटतं. जुलैत वृक्षारोपण. १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केलेल्या वनमहोत्सवाची ती गावातली आवृत्ती. खड्डे खणायचं काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींकडे. ही योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महाविद्यालयांसाठी निघाली आणि पुढे कनिष्ठ महाविद्यालयांत आली. १ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती, म्हणून वक्तृत्व स्पर्धा. १५ ऑगस्टला एनसीसीचं संचलन. मग तालुक्याच्या शालेय क्रीडा स्पर्धा. एकोणीस वर्षांखालचा खो-खोचा संघ अकरावी-बारावीतूनच उभा राहायचा, आणि त्या मुली मैदानावर सराव करायला लागल्या की आठवी-नववीच्या मुली कडेला बसून बघायच्या.

५ सप्टेंबरला शिक्षक दिन. डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस १९६२ पासून देशभर या नावाने साजरा होतो. त्या दिवशी बारावी शाळा चालवायची. मुख्याध्यापकांपासून घंटा देणाऱ्या मामांपर्यंत सगळ्या जागी विद्यार्थी. साडी नेसून मी आठवीला बीजगणित शिकवलं. पस्तीस मिनिटांत साठ मुलं शांत कशी ठेवायची, हे तेव्हा थोडंफार उमगलं. आज कामाच्या ठिकाणी नव्या मुलांना एखादी गोष्ट समजावताना आधी त्यांना काय येतं ते विचारायची सवय आहे, ती त्या तासाला गणिताच्या सरांनी कानात सांगितलेल्या एका वाक्यातून लागली.

नवरात्रात भोंडला. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा आणि शेवटी खिरापत ओळखायची. शाळेच्या भोंडल्याचं सगळं नियोजन अकरावीच्या मुलींकडे असायचं. कोणत्या वर्गाने काय आणायचं, पातेली कोणाच्या घरून, गॅसबत्ती कोणाची, याच्या याद्या आम्ही करायचो. खंडेनवमीला प्रयोगशाळेत पूजा. सूक्ष्मदर्शक, तराजू आणि कापडाखाली झाकून ठेवलेले दोन संगणक, सगळ्यांना झेंडूची फुलं. मग सहामाही परीक्षा, जर्नलवर सह्या घेण्यासाठी स्टाफरूमबाहेर रांग, आणि सुट्टी.

यातल्या कशालाही बोर्डाचे गुण नव्हते. पण मेळाव्यात आपण एकमेकांना ओळखतो ते याच गोष्टींवरून. आणखी एक. कला आणि विज्ञान शाखेची मुलं एका भित्तिपत्रकावर एकत्र काम करायची ती फक्त या चार महिन्यांत. गावातलं किराणा दुकान चालवणारा आमचा मित्र आणि मी आजही बोलतो, कारण त्याचं अक्षर सुंदर होतं आणि माझे लेख त्याने उतरवून दिले होते.

आता हे दार तिसऱ्यांदा हललं आहे. अभियांत्रिकीसाठी सीईटी आणि जेईई, वैद्यकीयसाठी नीट, अशा प्रवेश परीक्षांकडे ते गेलं. २०१६ पासून नीट वैद्यकीय प्रवेशासाठी सक्तीची झाली. दार शाळेबाहेर गेल्यावर मुलंही बाहेर गेली. 'इंटिग्रेटेड' या नावाखाली नाव एका ठिकाणी आणि शिकणं दुसऱ्या ठिकाणी, अशी रीत पडली. २०१८ मध्ये शासनाने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, यावरूनच रोग किती पसरला होता ते कळतं. गेल्या वर्षी मी आपल्या शाळेत गेले तेव्हा बारावी विज्ञानच्या हजेरीपटावर वर्ग भरलेला होता आणि बाकांवर मोजकी मुलं होती. बहुतेक सगळ्या मुली, ज्यांना शहरात क्लासला ठेवणं घरच्यांना परवडत नाही त्या. शिक्षक दिन आता दहावीची मुलं चालवतात.

पालकांना दोष देऊन उपयोग नाही. दार जिथे असेल तिथे आईबाप मुलांना नेणारच, आपणही नेली. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा एकच टप्पा मानला आहे. म्हणजे कागदावर तरी अकरावी-बारावी पुन्हा पूर्णपणे शाळेची होणार आहे. त्या वर्गांत मुलं बसतील का, हे मात्र कागद ठरवणार नाही.

या मेळाव्यात जमणाऱ्या निधीतून प्रवेशद्वाराशी कमान बांधायची, असा प्रस्ताव समितीपुढे आहे. माझं मत वेगळं आहे आणि ते इथे नोंदवते. हा निधी पहिली तीन वर्षं अकरावी-बारावीच्या पहिल्या सत्रासाठी ठेवावा. प्रयोगशाळेतली मोडलेली उपकरणं बदलावीत. प्रवेश परीक्षांची तयारी शाळेतच करून घेणारे दोन शिक्षक मानधनावर नेमावेत, म्हणजे बाकांवर उरलेल्या मुलींना गाव सोडावं लागणार नाही. आणि भित्तिपत्रक, खो-खो, शिक्षक दिन पुन्हा बारावीकडे द्यावा.

आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी जुलै ते दिवाळी या काळात एकेक शनिवार द्यावा. मी दोन द्यायला तयार आहे, एक गणितासाठी आणि एक संगणकासाठी. खो-खो शिकवायला आमच्या तुकडीतली कर्णधार तयार आहे, तिला मी विचारून ठेवलं आहे. नावं नोंदवायची वही मेळाव्याच्या दिवशी चहाच्या टेबलाशेजारी ठेवलेली असेल.