चाल ओळखीची, भाषा नवी

‘गोम से मारी’ म्हणजे तीन अस्वलं. कोरियात लहानाचं मोठं झालेल्या जवळपास प्रत्येकाला हे बालगीत येतं. अस्वलांचं छोटंसं कुटुंब आहे. बाबा जाडजूड, आई सडपातळ आणि पिल्लू भलतंच गोंडस. गाणं म्हणताना मुलं हातांनी पोट मोठं करून दाखवतात, मग अंग चोरून बारीक होतात, शेवटी पिल्लासारखी डोलतात. २००४ मध्ये ‘फुल हाउस’ या कोरियन मालिकेत सोंग हे-क्यो या अभिनेत्रीने ते हावभावांसह म्हटलं आणि कोरियाबाहेरच्या प्रेक्षकांनाही ते पाठ झालं. कोरियन मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्यांना या गाण्याचा मोठा आधार मिळाला. चाल तीच, हातवारे तेच, फक्त शब्द इंग्रजी.

या साध्या युक्तीत भाषाशिक्षणाचं मर्म आहे. कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं. मराठीतही ते शेवटीच येतं. ‘बाबा जाडे आहेत’ यातलं ‘आहेत’ टोकाला बसतं. इंग्रजीत मात्र ‘इज’ला मधली जागा लागते. कोरियातलं मूल आणि पैठणमधलं मूल, दोघंही याच जागी अडतात. नियम सांगून ही अडचण सहज सुटत नाही. पण ठेक्यात ‘इज’ची जागा ठरलेली असेल आणि तेच वाक्य दहा वेळा म्हटलं असेल, तर अकराव्या वेळी ते मुलाच्या तोंडून बिनचूक येतं. शिवाय गाण्याचा अर्थ मुलाला आधीच ठाऊक असतो. त्यामुळे त्याला फक्त भाषाच नवी असते.

ओळखीच्या चालीवर नवा मजकूर देण्याची ही पद्धत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला मुळीच परकी नाही. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात हेच केलं. वासुदेव, जोशी, गोंधळी यांचे आवाज आणि ठेके गावोगावच्या माणसांच्या कानात होते. नाथांनी त्या ठेक्यांत अध्यात्म भरलं आणि भारुडं घराघरांत गेली. त्यांच्या काही रचनांत तेव्हाची दखनी-हिंदुस्तानी बोली येते, ‘हिंदु-तुर्क संवादा’त तर दोन समाज समोरासमोर उभे राहून बोलतात. पुढे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा त्यातल्या पदांना कानडी चालींचीही मदत झाली होती.

शहराचा कानही अनेक भाषांना सरावलेला होता. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेलं खडकी पुढे औरंगाबाद आणि अलीकडे छत्रपती संभाजीनगर झालं. वली दखनी आणि सिराज औरंगाबादी यांची शायरी इथल्या मैफलींत घोळली. घरात मराठी, बाजारात दखनी, दरबारात फारसी, अशी भाषांची सरमिसळ इथे नित्याची होती. या भाषा लोक ऐकून शिकले.

इंग्रजीचं मात्र तसं झालं नाही.

मराठवाडा ज्याचा भाग होता त्या हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून दिलं, इंग्रजी हा तिथे सक्तीचा विषय होता. म्हणजे मराठवाड्यातल्या मराठी मुलाला आधी उर्दूशी झगडावं लागे आणि इंग्रजीशी गाठ पडे ती उर्दूच्या आडून. १९१५ मध्ये सरस्वती भुवन या संस्थेची सुरुवात झाली, तेव्हा मराठी मुलांच्या शिक्षणाला शहरात हक्काची जागा मिळाली. उर्दू शाळांतल्या मुलांची स्थिती एका बाबतीत बरी होती. इस्माईल मेरठी यांच्या क्रमिक पुस्तकांतल्या कवितांनी त्यांना पहिली भाषा तरी गात-म्हणत शिकता येई.

इंग्रजी आली ती छापील पानांवरून. ‘बाबा-ए-उर्दू’ मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं काम अनेक वर्षं औरंगाबादेतून चालवलं. त्यांचा प्रसिद्ध इंग्रजी-उर्दू शब्दकोश १९३७ मध्ये इथूनच प्रकाशित झाला. मराठी घरांत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. ही दोन्ही कामं मोलाची, पण दोन्ही डोळ्यांसाठी होती. इंग्रजी बोलणारा माणूस दिसणंच दुर्मीळ असलेल्या या भागात मुलाच्या कानावर इंग्रजी पडणार तरी कुठून? शब्दार्थ पाठ, व्याकरण पाठ, निबंध पाठ आणि बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप, ही अवस्था मराठवाड्याच्या कितीतरी पिढ्यांनी सोसली.

गाण्याची ताकद या शहराला ठाऊक नव्हती असं नाही. १९३८ मध्ये इथल्या कॉलेजच्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हक्क मागितला आणि निझामी राजवटीने तो नाकारला. आंदोलन उस्मानिया विद्यापीठापर्यंत पसरलं, शेकडो विद्यार्थ्यांना बाहेर काढण्यात आलं आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. एका गीतासाठी पोरांनी शिक्षण पणाला लावलं होतं.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी मुलं मोठ्या संख्येने पुढे आली आणि तिथेच इंग्रजीची भिंत सर्वांत उंच वाटू लागली. महाराष्ट्र राज्य झाल्यावरही मराठी शाळेतल्या मुलाची इंग्रजीशी पहिली भेट बराच काळ पाचवीत होत असे. दहा वर्षांचं मूल तोवर चुकायला लाजू लागतं. बडबडगीतं म्हणण्याचं वय मागे पडलेलं असतं, म्हणून त्याला थेट स्पेलिंगच्या ओळी मिळत.

इकडे बालशिक्षणात मात्र वेगळं काही घडत होतं. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला, आणि अनुताई वाघांसह त्यांनी आदिवासी पाड्यांवर अंगणवाडी उभी केली. मुलांनी नाचत, हातवारे करत गाणी म्हणायची, ही गोष्ट त्यांनी शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणली. अभिनयगीत मराठी बालवाडीत रुजलं ते या परंपरेतून. मराठी शिकवताना जे पटलं होतं ते इंग्रजीच्या तासाला पोचायला अर्धशतक लागलं.

कोरियातही बालगीतांच्या मागे अशीच तळमळ होती. १९१० ते १९४५ या काळात तो देश जपानच्या ताब्यात होता. १८९९ मध्ये जन्मलेले बांग जोंग-ह्वान यांनी १९२३ मध्ये ‘ओरिनी’ हे मुलांचं मासिक सुरू केलं आणि मुलांना मानाने वागवा, असा आग्रह धरला. आपले साने गुरुजीही १८९९ चेच. युन गुक-योंग यांनी १९२४ मध्ये ‘बांदाल’ म्हणजे ‘अर्धा चंद्र’ हे गीत रचलं आणि आधुनिक कोरियन बालगीतांचा तो पाया ठरला. परसत्तेखाली आपली भाषा मुलांच्या ओठांवर जिवंत ठेवण्याचं काम या गाण्यांनी केलं. त्याच देशाने १९९७ मध्ये प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी सक्तीची केली आणि शिक्षक पुन्हा गाण्यांकडे वळले.

महाराष्ट्राने त्यानंतर तीनच वर्षांनी आणखी मोठी उडी घेतली. जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. विरोध झाला, मराठीच्या भवितव्याची चिंता व्यक्त झाली आणि ती रास्तही होती. पण वर्गात एक चांगला बदल झाला. सहा वर्षांच्या मुलाला व्याकरण शिकवता येत नाही, त्यामुळे ऐकणं, बोलणं आणि गाणं यांना जागा करून द्यावीच लागली. बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकात चित्रं आणि बालगीतं आली. जिल्हा परिषद शाळेतल्या बाई आणि गुरुजी स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले. त्यांनी ही बालगीतं आधी स्वतः पाठ केली, मग मुलांना दिली. त्या धडपडीचं श्रेय त्यांना फारसं मिळालं नाही, ते द्यायला हवं.

या टप्प्यावर छत्रपती संभाजीनगरचं स्थान महत्त्वाचं आहे. राज्यभरातल्या शिक्षकांना इंग्रजी अध्यापनाचं प्रशिक्षण देणारी ‘स्टेट इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश’ ही सरकारी संस्था याच शहरात होती. पुढे तिचं रूपांतर प्रादेशिक विद्या प्राधिकरणात झालं. २०१६ मध्ये राज्य शासन, टाटा ट्रस्ट आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी सुरू केलेला ‘तेजस’ प्रकल्प या संस्थेच्या साथीने नऊ जिल्ह्यांत राबवला गेला. त्यात शिक्षकांचे छोटे गट ठरावीक काळाने एकत्र बसत, एकमेकांना कृती करून दाखवत, गाणी आणि खेळ वर्गात कसे वापरायचे ते ठरवत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अनुभव सांगत. ज्या शहरातून एकेकाळी शब्दकोश निघाला, तिथून आता कृतीगीतं निघू लागली.

तोवर गावोगावच्या शाळांत टीव्ही संच, प्रोजेक्टर आणि शिक्षकांचे मोबाइल आले होते. सोलच्या ‘पिंकफाँग’ने जून २०१६ मध्ये ‘बेबी शार्क’ची नाचाची चित्रफीत यूट्यूबवर टाकली. मूळ गाणं अमेरिकेतल्या मुलांच्या शिबिरांतलं, पण त्याला जगभर नेलं ते या कोरियन कंपनीने. नोव्हेंबर २०२० मध्ये ती यूट्यूबवर सर्वाधिक पाहिली गेलेली चित्रफीत ठरली आणि जानेवारी २०२२ मध्ये दहा अब्जांचा टप्पा गाठणारी पहिली. पिल्लू, आई, बाबा, आजी, आजोबा अशी कुटुंबाची रांग आणि प्रत्येकासाठी हातांचा वेगळा जबडा. महाराष्ट्रातल्या बालवर्गांत ती आली, स्नेहसंमेलनांच्या व्यासपीठावरही चढली. टाळेबंदीत शाळा बंद असताना तर मुलांच्या हाती मोबाइल हीच शाळा होती.

कोरियाची ओळख शहराला अन्य वाटेनेही झाली. शेंद्र्याजवळच्या ऑरिक या औद्योगिक नगरीत ह्योसंग या कोरियन कंपनीने स्पँडेक्स धाग्याचा कारखाना उभारला. जग जवळ आल्याची जाणीव खेड्यांतल्या मुलांनाही आहे. २०२१ च्या सुरुवातीला, शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या गाडीवाट गावाची बातमी देशभर गेली. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने मुलांना परदेशी भाषा निवडायला सांगितली, तेव्हा बहुतेकांनी जपानी निवडली. यंत्रमानव बनवायला शिकायचं तर जपानी यायला हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या मुलांना पाचवीच्या इंग्रजीची भीती वाटायची त्यांच्या नातवंडांची ही हिंमत आहे.

परक्या चालीचं भय बाळगण्याचं कारण नाही. इंग्रजी मुळाक्षरांचं गाणं आपली मुलं ज्या सुरात म्हणतात तो सूर अठराव्या शतकातल्या फ्रान्सचा आहे. कोरियाचं राष्ट्रगीत कित्येक वर्षं एका स्कॉटिश गीताच्या चालीवर गायलं जात होतं, आन इक-ते यांनी १९३५ मध्ये त्याला स्वतंत्र चाल दिली. चाली देशोदेशी फिरतात आणि ज्या तोंडी रुळतात त्यांच्या होतात.

प्रश्न चालीचा नाहीच, ती म्हणणाऱ्याचा आहे. पडद्यावर गाणं सुरू करून शिक्षक बाजूला झाला तर मुलं नाचतात, शब्दांचा आवाज पकडतात, पण ‘माय फादर इज टॉल’ एवढं स्वतःचं वाक्य त्यांना जोडता येत नाही. तीन अस्वलांच्या जागी शेळी, मेंढी, बैल आणले, जाड-बारीकच्या जागी उंच-बुटके आले, कधी काळं-पांढरं आलं, तर तेच गाणं वीस नवी वाक्यं देतं. शिक्षकाने हे बदल मुलांना विचारत विचारत केले, म्हणजे गाणं पाठांतरातून सुटून बोलण्यात येतं. उच्चाराकडेही लक्ष हवं. मराठी आणि कोरियन दोन्ही भाषांत अक्षरं बरीचशी सारख्या वजनाने येतात, इंग्रजीत एखाद्या अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची घाईत जातात. टाळी नेमकी जोराच्या अक्षरावर वाजवली तर हा फरक मूल न सांगता शिकतं.

म्हणून जिल्ह्यातल्या पहिलीच्या शिक्षकांना एक आग्रहाची विनंती. येत्या जूनमध्ये वर्ग भरेल तेव्हा टीव्हीआधी तुमचा आवाज मुलांच्या कानी पडू द्या, तो सुरेल असलाच पाहिजे असं नाही. कोरियन चाल घ्या, मराठी घ्या, उर्दू घ्या, तिच्यावर तुमच्या गावाचे शब्द बसवा. आणि आईबाबांनो, घरी मूल ‘बेबी शार्क’ लावून बसलं असेल तर मोबाइल बाजूला ठेवून त्याच्यासोबत एकदा ते म्हणा, मग आजीकडून एक मराठी गाणंही म्हणून घ्या. मुलाला दोन्ही हवीत.