चेंबर उघडल्यावर

इंजिनाचं काम फसलं की आळ तिघांवर येतो: मिस्त्रीवर, लेथवाल्यावर आणि पार्ट देणाऱ्या दुकानदारावर. नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्यालगत माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, म्हणजे तिसरा आरोपी मी. मिस्त्री म्हणतो, “शेठ, बेरिंग डुप्लिकेट निघालं.” लेथवाला म्हणतो, “माझा बोअर मापात आहे, पिस्टनचं बघा.” गाडीमालक त्या दोघांना सोडून माझ्या काउंटरवर हात ठेवून उभा राहतो, कारण या सगळ्या प्रकरणात पक्कं बिल काय ते माझ्याकडचंच असतं.

जुन्नर-आंबेगावचा इतिहास म्हटलं की लोक शिवनेरी, नाणेघाट आणि लेण्यांपाशी थांबतात. थांबावंच, तिथे बघण्यासारखं आहे. पण या दोन तालुक्यांत लोखंड दुरुस्त करणाऱ्यांचाही एक इतिहास आहे, आणि त्यात मला जास्त रस एकाच गोष्टीत वाटतो: काम बिघडलं तर भरून कोणी द्यायचं, हे कोणत्या काळात कोणी ठरवलं.

गाडी बैलांची होती तेव्हा ते खळ्यावर ठरायचं. सुतार चाकाचा तुंबा आणि आरे करायचा, लोहार वरची लोखंडी धाव चढवायचा. धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, घण घालायचे आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि लाकूड आवळतं. माप थोडं मोठं राहिलं तर चैत्रात लाकूड वाळलं की धाव सुटते, फार लहान झालं तर आरेच तडकतात. म्हणजे फसलेलं काम लगेच दिसत नाही, दोन-चार महिन्यांनी भर रस्त्यात दिसतं. इंजिनाचंही तेच आहे. मात्र लोहाराला नग मोजून पैसे नव्हते. वर्षाचं बलुतं खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळायचं, त्यामुळे धाव सुटली तर तो ती पुन्हा चढवून द्यायचा. नाही दिली तर सुगीला त्याचं माप हलकं पडायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात या बलुतेदारीचा सगळा ताळेबंद आहे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो, की चाक मालकाने ओव्हरलोड करून मोडलं असेल तर लोहाराने दाद कोणाकडे मागायची? धान्य ज्याच्या खळ्यावर, निकालही त्याचाच.

रोख मजुरी आली ती विहिरीवरच्या इंजिनाबरोबर. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 साली खडकीला सुरू झाली, आणि पुढच्या काळात कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या काठच्या मळ्यांत मोटेच्या जागी इंजिनाचा ठोका ऐकू येऊ लागला. माझ्या वडिलांनी दुकान टाकलं ते पंपाचे पट्टे, फुटव्हॉल्व्ह आणि गॅसकेट विकायला, गाडीचा पार्ट दुकानात नंतर आला. इंजिनाचा मिस्त्री सायकलवर पान्यांची पिशवी अडकवून मळ्यात जायचा. नोजल खोलून बाहेर धरायचा, हँडल मारायला लावायचा आणि बघायचा, नोजल फवारा मारतंय की धार सोडतंय. सगळी परीक्षा मालकासमोर, विहिरीच्या काठावर. पाणी पाटाला लागलं की मजुरी. वडील सांगायचे, की ‘चालू करून दाखवा आणि पैसे घ्या’ हा आमच्याकडचा करार तिथे झाला. कागद नव्हता, पण फसवणुकीला जागाही कमी होती, कारण काम बिघडलं की कांदा सुकायचा आणि ते अख्ख्या शिवाराला दिसायचं.

गाडी गॅरेजात सोडून घरी जायची वेळ आली तेव्हा ही समोरासमोरची परीक्षा गेली. पुणे-नाशिक रस्ता मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा असा आमच्या दोन्ही तालुक्यांतून जातो, आणि आळेफाट्यावर त्याला माळशेज घाटातून येणारा कल्याण-नगर रस्ता छेदतो. मुंबईची भाजी रात्रीत पोचवायची, आधी भायखळ्याला आणि पुढे वाशीला. घाटात इंजिन तापून हेड गॅसकेट उडालं की सकाळचा भाव गेला. त्यामुळे फाट्याफाट्यावर गॅरेजं उभी राहिली. मिस्त्री कुठून आले? कोणी एसटीच्या नारायणगाव डेपोत हात काळे करून आलेला, कोणी कुकडी प्रकल्पाच्या धरणांवर डंपर-डोझरखाली शिकलेला, आणि पुष्कळसे कोणाच्या तरी हाताखाली ‘पोऱ्या, चौदा-पंधराचा दे’ हे ऐकत मोठे झालेले. आयटीआयचा कागद असलेला आला की बाकीचे त्याला ‘साहेब’ म्हणून चिडवायचे.

इंजिनंही तशीच जमवाजमवीची. टेल्कोने 1954 साली मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक काढायला सुरुवात केली, तो करार 1969 ला संपला तरी आमचे जुने ड्रायव्हर ट्रकला ‘मर्सडीजच’ म्हणत राहिले. बजाज टेम्पोच्या ट्रॅक्सला मर्सिडीजच्या परवान्यावरचं इंजिन, महिंद्राच्या जीपला प्यूजोच्या परवान्यावरचं. पेट्रोल महाग वाटू लागलं तशी जुन्या विलीज जीपांची पेट्रोल इंजिनं उतरवून डिझेल बसवायची टूम निघाली. माउंटिंग घरचं, शाफ्ट कापून जोडलेला, रेडिएटर मिळेल तो. असल्या गाड्या वडापला पळायच्या. त्यातल्या बिघाडाला जबाबदार कोण, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं, आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे आरसी बुकात बदल नोंदवलेला नसेल तर मालक तक्रार करायला आरटीओच्या वाऱ्यालाही जात नसे.

तमाशाचे फड मात्र वेगळं गिऱ्हाईक. नारायणगाव ही तमाशाची पंढरी, पाडव्याच्या सुमाराला इथल्या राहुट्यांत गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. फडाचे ट्रक दसऱ्याला बाहेर पडणार म्हणजे पडणार, म्हणून त्यांचं इंजिनकाम पावसाळ्यात निघायचं. खंडेनवमीला पान्यांना फुलं वाहायच्या आधी फडाची गाडी गॅरेजबाहेर निघालीच पाहिजे, हा धाक मिस्त्रीला कोर्टाच्या समन्सपेक्षा मोठा होता. फडाची गाडी विदर्भात बंद पडली तर तिथल्या बाजारात मिस्त्रीचं नाव घेऊन काय बोललं गेलं, ते वैशाखात शब्द न गाळता इथे परत यायचं.

आता प्रत्यक्ष भांडण कसं सुटायचं ते सांगतो. जीप किंवा पिकअप नुकतीच इंजिन बांधून गेलेली. आठवडाभरात परत आली: निळा धूर, ऑइल खाते, खालून ठोका येतो. मालकाच्या बरोबर दोन पाहुणे. मिस्त्री म्हणतो ऑइलच खराब टाकलंत. मग दुसऱ्या गॅरेजचा एखादा वयस्कर मिस्त्री बोलवायचा, मला बोलवायचं, आणि सगळ्यांच्या देखत खालचं ऑइलचं चेंबर उघडायचं.

चेंबर खोटं बोलत नाही. ऑइल ट्रेमध्ये काढून बोटांत चोळायचं. चकाकी आली तर धातू झिजतोय. मग बिगएंडच्या कॅप खोलून बेरिंगच्या वाट्या काढायच्या. वाटीच्या आतल्या बाजूला गोल फिरलेल्या बारीक रेघा असतील तर कचरा गेला: बोअर करून आणलेला ब्लॉक नीट न धुता, ऑइलची भोकं न फुंकता बांधला. हा दोष सरळ मिस्त्रीचा. वाटीच्या एकाच कडेला झीज आणि दुसरी कड कोरी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकडा आहे किंवा क्रँकच्या ग्राइंडिंगमध्ये चढ राहिलाय, लेथवाल्याला बोलवा. आणि वाटी उलटी करून पाठ बघायची, ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात. पाठीवर काळे डाग असतील तर वाटी जागेवर घट्ट बसलेलीच नव्हती. अशा वेळी मी गप्प बसायचो, कारण त्यात माझ्या दुकानाचं बेरिंगही सापडू शकतं.

वर हेड काढलं तर गॅसकेट सांगतं. दोन सिलिंडरच्या मधली पट्टी जळलेली असेल तर हेड फेसिंग केलेलं नाही, नाहीतर नट आवळताना क्रम चुकलाय. नट मधून सुरू करून कडेला जायचे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. आमच्याकडे टॉर्क पाना कित्येक वर्षं मिस्त्रीच्या दंडात होता.

निकाल बहुधा असा लागायचा: मजुरी माफ, पार्टचे पैसे मालक आणि मिस्त्री अर्धे-अर्धे, ऑइल मालकाचं. न्याय झाला असं मी म्हणणार नाही. ज्याचे पाहुणे वजनदार त्याच्याकडे काटा झुकायचा. परगावच्या ट्रकला तर हा पंचही मिळत नसे. रात्रीतून जुजबी काम करून त्याला वाटेला लावायचं आणि त्याने शिव्या संगमनेरला जाऊन द्यायच्या. मिस्त्री वाईट होते असं नाही. पण बाजारात पुन्हा तोंड दाखवायचं आहे की नाही, यावर कामातली काळजी कमी-जास्त व्हायची, हे मी काउंटरवरून पाहिलेलं आहे.

मालकाची बाजूही सोवळी नसते. नवीन बांधलेलं इंजिन पहिले हजारभर किलोमीटर दमाने चालवायचं, रिंगांना बोअरशी जमू द्यायचं. 2023 च्या जुलैत टोमॅटोचा वीस किलोचा क्रेट इथल्या बाजारात दोन हजारांच्या वर गेला तेव्हा कोण दम धरणार? गॅरेजातून सकाळी सुटलेली पिकअप संध्याकाळी क्रेटांची थप्पी लादून घाट चढत होती. पिस्टनवर चारी बाजूंनी उभे ओरखडे घेऊन ती परत आली, मिस्त्रीने मला पिस्टन दाखवला आणि काही न बोलता मालकाकडे बोट केलं.

कायदा या सगळ्यात होताच. 1872 च्या करार कायद्याचं कलम 151 म्हणतं, की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती शहाण्या माणसाने स्वतःची सांभाळावी तशी सांभाळायची. कलम 170 कारागिराच्या बाजूने आहे: मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. पण त्याच कलमाखाली शिंप्याचं एक उदाहरण दिलंय. कोट शिवून झाला की लगेच देईन आणि पैशाला तीन महिने थांबेन असं शिंपी कबूल झाला असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. आमच्या गॅरेजवाल्यांनी हे उदाहरण भिंतीवर लावावं. ‘टोमॅटोची पट्टी आली की देतो’ याला मान डोलावायची आणि भांडण झालं की गाडीची किल्ली खिशात घालायची, ही इथली जुनी खोड आहे.

ग्राहक म्हणून दाद मागायची कल्पना पुण्यातच रुजली. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली ग्राहक पंचायत सुरू केली, 1986 साली देशाचा कायदा झाला, आणि 20 जुलै 2020 पासून 2019 चा नवा कायदा लागू आहे. सेवेत कसूर झाली तर दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या कामाला फी नाही. तरी आमच्याकडून पुण्याला जाऊन हे करणारे मोजके. अंतराचं कारण सांगतात, पण खरं कारण चिठ्ठी आहे. सिगारेटच्या पाकिटामागे ‘इंजिन काम, बाकी नंतर’ एवढं लिहून दिलेलं असतं. काय काम ठरलं, कोणता पार्ट बदलला, जुना पार्ट कुठे गेला, याचा पुरावा शून्य. दुसऱ्याच मिस्त्रीने एकट्याने इंजिन खोलून ठेवलं की उरलासुरला पुरावाही गेला, कारण खोलताना समोरचा हजर नव्हता.

गेल्या काही वर्षांत पुन्हा पट बदलला. बीएस-6 गाड्या आल्या, इंजेक्टर कॉमन रेलचे, दोष स्कॅनरवर नंबरात दिसतो. कंपनीच्या वर्कशॉपात काम टाकलं तर जॉब कार्ड मिळतं, पण मिस्त्री दिसत नाही, काचेपलीकडचा सल्लागार दिसतो. फसलेलं काम तिथेही फसतं, फक्त ‘साहेब, हे वॉरंटीत बसत नाही’ अशा सभ्य भाषेत. इकडे बाह्यवळण झाल्यापासून लांबच्या गाड्या गावात शिरत नाहीत. जुन्या रस्त्यावरच्या गॅरेजांना उरलंय ते ओळखीचं गिऱ्हाईक, आणि काम त्यामुळे सुधारलंय, असं माझं मत आहे. मिस्त्र्यांना ते पटत नाही, त्यांना धंदा कमी झालेला दिसतो.

एक नवीन चाल पडलीय, ती मला आवडते. चेंबर उघडायच्या आधी मालक मोबाईल काढतो आणि व्हिडिओ सुरू करतो. सुरुवातीला मिस्त्री चिडायचे, आता तेही आपला फोन बोनेटवर टेकवून ठेवतात. दोन फोन, दोन्हीकडे पुरावा. मी मधे बोलतो ते एवढंच, की पार्टच्या डब्यावरचं लेबल आधी घ्या, आणि बेरिंगची वाटी काढली की उलटी करून पाठही घ्या. पाठीचा फोटो काढायला अजून कोणाच्या लक्षात राहत नाही.