विमान-तिकिटांची आडत



सुरतेच्या दक्षिणेस पांडेसरा ही औद्योगिक वसाहत आहे. कापडाच्या रंगाई-छपाईचे कारखाने तेथे दाटीने उभे आहेत, आणि त्यांत राबणाऱ्यांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. या वस्तीत आडत म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. जो शेकड्याने तागे उचलतो त्यास भाव उतरून मिळतो. एकच तागा मागणाऱ्यास तो मिळत नाही. परदेशी जाणाऱ्या विमानातील जागाही अशाच घाऊक विकल्या जातात, हे मात्र तिकीट काढणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

सुरतेला प्रवासाचा व्यापार नवा नाही. मोगल अमदानीत मक्केचे यात्रेकरू येथूनच जहाजात चढत. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या चाच्याने लुटलेले 'गंज-इ-सवाई' हे बादशाही जहाज यात्रेहून सुरतेकडेच परतत होते. पुढे सुरतेचा व्यापार ओसरला, यात्रेकरूंचा ओघ मुंबईकडे वळला, आणि तेथे तिकीट-दलालांचा धंदा भरभराटीस आला. त्यांच्याविरुद्ध ओरड इतकी वाढली की, १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने यात्रेची व्यवस्था थॉमस कुक या कंपनीच्या हाती दिली. ती व्यवस्था थोड्याच वर्षांत संपुष्टात आली. दलालाला हटविणे सरकारासही सोपे गेले नाही!

विमानांच्या युगात प्रारंभी दलालास वावच नव्हता. १९४५ मध्ये हवाना येथे विमान कंपन्यांची 'आयाटा' ही संघटना स्थापन झाली, आणि आंतरराष्ट्रीय भाडी कंपन्यांनी एकत्र बसून ठरवावयाची, असा रिवाज पडला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते याच शिस्तीच्या काळात. परंतु या शिस्तीत एक उणीव होती. न खपलेला तागा पुढल्या हंगामात विकता येतो. उडालेल्या विमानातील रिकामी जागा कधीच विकता येत नाही. जेट विमाने मोठी होत गेली तशी ही रिकामी जागा कंपन्यांना अधिकच बोचू लागली.

मग पळवाटा निघाल्या. एखाद्या मंडळाचे सहा महिन्यांचे सभासद असाल तर सामुदायिक सवलत मिळे. तेव्हा केवळ तिकिटासाठी मंडळे निघाली, आणि सभासदत्वावर मागील तारखा पडू लागल्या. लंडनमध्ये 'बकेट शॉप' म्हणून ओळखली जाणारी दुकाने उरलेल्या जागा ठरल्या भाड्याहून कमी दराने विकू लागली. कंपन्या उघडपणे नाके मुरडीत आणि आतून मालही पुरवीत. हा दुटप्पीपणा मला मोठा मौजेचा वाटतो. खुद्द एअर इंडियानेही १९७१ मध्ये एअर इंडिया चार्टर्स ही निराळी कंपनी काढली.

पुढे ठरीव भाड्यांची पकड सैल झाली आणि चोरटा धंदा राजमान्य झाला. आजचा 'कन्सॉलिडेटर' तो हाच. विमान कंपनी त्यास जाहीर न केलेल्या निव्वळ भावाने तिकिटे देते. तो लहान एजंटांस देतो. प्रत्येक जण आपला नफा चढवितो, तरीही हंगाम नसता गिऱ्हाइकास ती पुष्कळदा स्वस्त पडतात.

पण येथेच कामगाराची शिल्लक पणास लागते. पैसे एजंटाकडे, एजंटाचे आडत्याकडे, आडत्याचे कंपनीकडे: यांतील एक कडी तुटली की प्रवासी विमानतळावर हताश उभा! तारीख बदलणे वा परतावा मिळविणे याकरिता कंपनी बहुधा त्यास पुन्हा एजंटाकडेच धाडते. नुसता आरक्षणाचा क्रमांक म्हणजे तिकीट नव्हे. पैसे न भरताही जागा काही काळ राखता येते. तिकिटाचा क्रमांक तेरा अंकी असतो व त्याचे पहिले तीन अंक कंपनी सांगतात. एअर इंडियाचे ते ०९८. स्वस्त विमान कंपन्यांपैकी काही मात्र केवळ आरक्षण-क्रमांकावरच काम चालवितात. तेथे जागेचे पैसे भरले गेले की नाही, हे कंपनीलाच विचारावे.

१६ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरतेहून शारजाला थेट विमानसेवा सुरू झाली. ती चालविणारी एअर इंडिया एक्स्प्रेस म्हणजे १९७१ ची तीच चार्टर कंपनी, नाव बदललेली. तरी आजही पांडेसऱ्याचा प्रवासी सुरतेचा भाव विचारून झाल्यावर हळूच पुसतो, ''आणि मुंबईहून?'' आणि तेथे पाचशे रुपये कमी निघाले, तर उधन्याला गाडीत बसतो.