‘हे तुला कोणी सांगितलं?’ : हदीसची सनद आणि तिची हद्द

इस्लामचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक द्वेषाचा, दुसरा हळव्या कौतुकाचा. मुस्लीम विद्वानांनी आपल्याच धर्मातल्या बनावट वचनांविरुद्ध पिढ्यान् पिढ्या जी झाडाझडती घेतली, ती या दोन्ही सुरांच्या गावी नसते.

मुहम्मद पैगंबर 632 साली गेले. त्यांची वचनं, कृती, निवाडे यांच्या आठवणी म्हणजे हदीस. त्या मुख्यतः तोंडी, काही टिपणांतून पुढे गेल्या. 656 मध्ये तिसरे खलिफा उस्मान यांची हत्या झाली, यादवी पेटली आणि प्रत्येक गटाला पैगंबरांचा शब्द आपल्या बाजूने हवासा झाला. साहजिकच खोट्या हदीसही तयार होऊ लागल्या. बसऱ्याचे विद्वान इब्न सिरीन सांगतात की आधी कोणी सनद विचारत नसे. यादवीनंतर लोक म्हणू लागले, तुम्ही कोणाकडून ऐकलं त्यांची नावं सांगा.

सनद हा शब्द आपल्याला परका नाही. वतनाची सनद, वकिलीची सनद. हदीसची सनद म्हणजे नावांची साखळी: मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने, त्याने पैगंबरांच्या सोबत्याकडून ऐकलं. मग त्या साखळीतल्या एकेका माणसाची चौकशी. तो कधी जन्मला, कधी वारला? ज्याचं नाव सांगतो त्याला भेटला होता का? म्हातारपणी त्याची स्मृती ढळली होती का? इतर शिष्य तीच गोष्ट सांगतात, की हा एकटाच? या चौकशीतून हजारो माणसांचे चरित्रकोश तयार झाले. इमाम बुखारी (810-870) यांनी सहा लाख हदीसमधून निवड केली असं परंपरा सांगते. हा आकडा साखळ्यांचा आहे; एकच वचन दहा वाटांनी आलं तर ते दहादा मोजायचं. त्यांच्या संग्रहात पुनरुक्ती वगळता सुमारे 2,600 हदीस आहेत.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की भक्ती हा इथे पुरावा मानला गेला नाही. नूह इब्न अबी मर्यम हे मर्वचे काझी. लोक कायद्याच्या आणि लढायांच्या पुस्तकांत रमले, कुराणाकडे वळेनात, म्हणून त्यांनी कुराणाच्या अध्यायांचं माहात्म्य सांगणाऱ्या हदीस रचल्याचं परंपरेत नोंदवलं आहे. हेतू चांगला! तरी टीकाकारांनी त्यांना खोट्यांच्या यादीत टाकलं.

आणि जन्म? इमाम मालिक – नाफी – इब्न उमर या साखळीला बुखारी सर्वांत विश्वसनीय मानत. तिला ‘सोन्याची साखळी’ म्हणतात. तिचा मधला दुवा नाफी हा इब्न उमर यांचा मुक्त केलेला गुलाम. मक्केचे मुफ्ती अता इब्न अबी रबाह कृष्णवर्णीय, त्याच वर्गातले. वर उल्लेख केलेले इब्न सिरीन युद्धकैद्याचे पुत्र. बायकाही साखळीत आहेत. अकराव्या शतकात करीमा मरवझिया मक्केत बुखारींचा ग्रंथ शिकवत आणि बगदादचे नामांकित इतिहासकार खतीब यांनी तो त्यांच्यापुढे बसून वाचला. यातून गुलामगिरी संपली नाही, हेही तितकंच खरं. पण ‘तू कोणाचा?’ या प्रश्नाने तुमची साक्ष बाद होत नव्हती.

आता हद्द. सुन्नी विद्वानांनी पहिल्या पिढीला, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांना, सरसकट विश्वासार्ह मानलं. साखळीतल्या प्रत्येकाची उलटतपासणी, शेवटच्या दुव्यापाशी मात्र हात जोडलेले. खुद्द त्या पिढीत असं नव्हतं. नमाज पढणाऱ्यासमोरून बाई, गाढव किंवा कुत्रा गेला तर नमाज तुटते, असं वचन हजरत आयेशा यांच्यापुढे आलं. त्यांनी फटकारलं: आम्हाला गाढवाकुत्र्यांच्या रांगेत बसवलंत! पैगंबर नमाज पढत तेव्हा त्या स्वतः समोर आडव्या झोपलेल्या असत. हा आक्षेप बुखारींच्या संग्रहातच आहे. चौदाव्या शतकात झरकशी यांनी आयेशांनी केलेल्या अशा दुरुस्त्यांचं स्वतंत्र पुस्तकच केलं.

हाच धागा मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी यांनी 1987 मध्ये उचलला. ‘बाईच्या हाती कारभार देणारे लोक यशस्वी होत नाहीत’ ही हदीस अबू बकरा या सोबत्याने सांगितली. मर्निसींनी विचारलं, कधी? 656 च्या उंटाच्या लढाईत आयेशांचा पक्ष हरल्यानंतर, पैगंबर जाऊन दोन तपं उलटल्यावर. आणि कोणी? व्यभिचाराच्या खटल्यात साक्ष टिकली नाही म्हणून खलिफा उमर यांनी ज्याला फटके मारले होते त्याने. परंपरावादी उत्तर देतात की न्यायालयातली साक्ष वेगळी, हदीसचं कथन वेगळं. मर्निसी हा भेद मान्य करत नाहीत, आणि त्यासाठी त्या ज्यांचा आधार घेतात ते सोन्याच्या साखळीतलेच इमाम मालिक आहेत: जो माणसांशी बोलताना खोटं बोलतो, त्याची हदीस घेऊ नये, हा त्यांचा नियम.