नवमूत्राशय

मूत्राशय काढून टाकल्यावर रुग्णाच्याच आतड्यापासून त्याच जागी तयार केलेली लघवीची पिशवी. डॉक्टर तिला ‘निओब्लॅडर’ म्हणतात. स्नायूच्या थरात शिरलेला मूत्राशयाचा कर्करोग हे या शस्त्रक्रियेचे मुख्य कारण होय.

अमेरिकी शल्यविशारद यूजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये मांडलेल्या पद्धतीत लघवी आतड्याच्या आखूड नळीतून पोटावरच्या छिद्रावाटे बाहेरच्या पिशवीत जमते. ही पद्धत सुटसुटीत असल्याने आजही सर्रास वापरली जाते. फ्रान्समध्ये मोरीस कामे यांनी आतडे थेट मूत्रमार्गाला जोडले. मात्र आतड्याची अखंड नळी आपला धर्म सोडत नाही. ती आकुंचन पावत राही, आत दाब वाढे आणि लघवी गळे.

यावर सापडलेला उपाय हेच या शस्त्रक्रियेचे मर्म. शेषांत्राचा, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा, तुकडा रक्तपुरवठा न तोडता वेगळा करतात, उभा चिरून सपाट पसरतात आणि घडी घालून गोलसर शिवतात. त्यामुळे आकुंचनाची लाट एकवटत नाही, दाब कमी राहतो आणि तेवढ्याच आतड्यात कितीतरी जास्त लघवी मावते. बर्नचे ऊर्स श्टूडर सुमारे ५५ सेंमी. आतडे घेत आणि त्यातला वरचा भाग न चिरता मूत्रवाहिन्या जोडण्यासाठी ठेवत. उल्मच्या रिचर्ड हाउटमान यांची घडी इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराची.

या शस्त्रक्रियेसाठी मूत्रपिंडे चांगली असावी लागतात आणि मूत्रमार्गाची कापलेली कड कर्करोगमुक्त हवी. वेळ आल्यास लघवी काढण्यासाठी स्वतः नळी घालण्याची रुग्णाची तयारीही हवी; कारण विशेषतः स्त्रियांमध्ये लघवी तुंबण्याचा संभव असतो.

नव्या पिशवीला भरल्याची पूर्वीसारखी जाणीव नसते. घड्याळ पाहून, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सोडून आणि पोटाने हलका जोर देऊन लघवी करायला शिकावे लागते. सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीही गजर लावून. काही महिन्यांत पिशवी ४०० ते ५०० मिलि.पर्यंत ताणली जाते. दिवसाचा ताबा बहुधा लवकर येतो, रात्रीचा उशिरा; काहींना तो पुरता येतच नाही, आणि हे शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट सांगायला हवे.

आतडे शेवटी आतडेच राहते. ते चिकट स्राव सोडते, म्हणून भरपूर पाणी प्यावे लागते. ते लघवीतील आम्लही शोषते. थकवा, मळमळ, भूक मंदावणे ही त्यामुळे रक्तात आम्ल वाढल्याची लक्षणे, आणि सोडियम बायकार्बोनेट हा उपचार. ब-१२ जीवनसत्त्व शेषांत्रातूनच शोषले जात असल्याने त्याची रक्तचाचणी आयुष्यभर ठरावीक काळाने करावी लागते.