लाटांवरील अधिकार : व्यावसायिक सर्फिंग आणि स्त्रिया

हवाई बेटांच्या भाषेत सर्फिंगला 'हेए नालु' असे नाव आहे. 'हेए' म्हणजे घसरणे व 'नालु' म्हणजे लाट. ह्या भाषेत व्याकरणिक लिंगभेद नाही. 'तो' आणि 'ती' ह्या दोहोंसाठी 'इआ' हे एकच सर्वनाम येते. तथापि भाषेच्या घडणीवरून समाजस्थितीचे अनुमान काढण्याचा मोह अभ्यासकाने आवरावयास हवा. ह्याच समाजात १८१९ पर्यंत स्त्रियांनी पुरुषांच्या पंक्तीस बसणे निषिद्ध होते. लाटांवर मात्र स्त्रीपुरुष दोघेही जात. माउई बेटाच्या राजकुलातील केलेआ हिचे सर्फिंग करीत असतानाच हरण झाले, अशी लोककथा आहे.

विसाव्या शतकात ह्या खेळाला व्यवसायाचे रूप आले आणि विषमता आली ती त्याच्या हिशेबवहीतून. १९६८ साली पोर्टो रिको येथे जगज्जेतेपद मिळविणारी मार्गो गॉडफ्रे अवघी पंधरा वर्षांची होती. १९७५ साली स्त्रियांनी स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. पुढे १९७७ साली व्यावसायिक मालिकेतील स्त्रियांचे पहिले विजेतेपद ह्याच मार्गोने, आता ओबर्ग ह्या विवाहोत्तर नावाने, मिळविले. परंतु १९९३ साली ऑस्ट्रेलियाची पॉलीन मेंझर जगज्जेती झाली, तेव्हा त्या पदाबद्दल तिला एक पैसाही मिळाला नाही. संधिवाताने ग्रासलेल्या देहाने तिने ते पद जिंकले होते.

पारितोषिकाच्या रकमेकडेच पाहिले तर ह्या लढ्याचे अर्धे स्वरूप नजरेआड होते, असे मला वाटते. सर्फिंगमध्ये लाट हेच क्रीडांगण, आणि ते घटकाघटकाला पालटते. उत्तम लाटा पुरुषांच्या फेऱ्यांसाठी राखावयाच्या व वारा बिघडला की स्त्रियांना पाण्यात उतरवावयाचे, अशी रीत होती. मग त्यांचा खेळ फिका दिसे, आणि तो फिका दिसतो म्हणून रक्कम कमी ठेवावयाची! ताहितीतील तेआहुपोओ येथील स्त्रियांची स्पर्धा २००६ नंतर बंद झाली, ती २०२२ सालीच पुन्हा सुरू झाली.

निर्णायक वळण लागले ते कॅलिफोर्नियात. हाफ मून बे गावाजवळील मॅव्हरिक्स येथे हिवाळ्यात प्रचंड लाटा उठतात. सेरा गेर्हार्ट ही स्त्री १९९९ सालीच तेथे सर्फिंग करून आली होती. त्याच वर्षी सुरू झालेल्या स्पर्धेत मात्र स्त्रियांना स्थान नव्हते. २०१६ साली बियांका व्हॅलेंटी, किआला केनेली, पेज आल्म्स व आंद्रेआ मोलर ह्या सर्फरांनी सबरीना ब्रेनन हिच्यासह एक समिती स्थापन केली. त्यांनी आयोजकांच्या औदार्याला आवाहन केले नाही. समुद्र व किनारा ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तीवर स्पर्धा भरविण्यास शासकीय परवाना लागतो, आणि परवाना देणाऱ्या संस्थेला भेदभावास संमती देता येणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. क्रीडेचा प्रश्न त्यांनी मालमत्तेच्या कायद्यात नेऊन ठेवला. किनारा आयोगाने त्याच वर्षी परवान्यास स्त्रियांच्या फेरीची अट घातली.

पुढे आयोजक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि वर्ल्ड सर्फ लीगने तेथील स्पर्धा आपल्याकडे घेतली. तिच्यापुढेही समान रकमेचा आग्रह धरण्यात आला. २०१८ सालच्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका कुमार स्पर्धेचे छायाचित्र जगभर गाजले होते: विजेत्या मुलाच्या हाती ८,००० रँडचा धनादेश, मुलीच्या हाती ४,००० चा. त्याच सप्टेंबरात लीगने २०१९ पासून आपल्या सर्व स्पर्धांत समान पारितोषिके देण्याचे घोषित केले. वर्षभरातच कॅलिफोर्नियाने राज्याच्या जमिनीवरील स्पर्धांना तीच अट कायद्याने लागू केली.

ज्या मॅव्हरिक्ससाठी हा सारा खटाटोप झाला, तेथे लीगची स्पर्धा मात्र झालीच नाही. २०१९ साली तिने तेथून अंग काढून घेतले. हवाईतील वाइमेआ उपसागरात एडी आइकाऊच्या स्मरणार्थ भरणाऱ्या स्पर्धेत स्त्रिया प्रथम उतरल्या त्या २०२३ च्या जानेवारीत, पुरुषांच्याच फेऱ्यांत आणि त्याच लाटांवर.