जुन्या मोटारींचे ब्रेक : रचनेचा इतिहास आणि दोषांचा माग

सुरुवातीच्या बहुतेक मोटारींना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत आणि ते सळ्यांनी किंवा तारांनी ओढले जात. लुई रेनो यांनी १९०२ मध्ये ड्रम ब्रेक आणला, तरी ओढ यांत्रिकच राहिली. पुढे चारही चाकांना ब्रेक आले, पण सर्व तारांचा ताण सारखा ठेवणे अवघड होते. अशी गाडी ब्रेक दाबताच एका बाजूला ओढू लागली, तर आधी तारांचा ताण आणि सांध्यांची झीज पाहावी लागे.

तेलाच्या दाबाने ही अडचण सुटली. माल्कम लॉकहीड यांची पद्धत १९२१ च्या सुमारास ड्यूसनबर्ग मॉडेल ए या गाडीत आली, १९२४ मध्ये क्रायस्लरने ती स्वीकारली. फोर्डने मात्र १९३९ पर्यंत यांत्रिक ब्रेक सोडले नाहीत. म्हणून १९३८ च्या आणि १९३९ च्या फोर्डमधला दोष एकाच रीतीने शोधता येत नाही.

तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे पेडल स्पंजसारखे लागले, तर नळीत हवा शिरलेली असते. बाहेर गळती नसताना पेडल हळूहळू खाली जात असेल, तर पेडलने तेलावर दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरमधले रबर झिजलेले असते. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एखाद्या चाकातला, ब्रेकचे शू दाबणारा व्हील सिलिंडर जाम झालेला असतो किंवा लायनरवर तेल आलेले असते.

ब्रेक सुटत नसेल, तर गाडी जॅकवर घेऊन आधी मास्टर सिलिंडरजवळचा नळीचा नट सैल करतात. चाक मोकळे झाले, तर दोष तिथेच असतो. नाही झाले आणि चाकाजवळचा हवा काढण्याचा निपल उघडल्यावरच सुटले, तर रबरी होज आतून फुगून तेल परत येऊ देत नाही. निपल उघडूनही चाक अडलेलेच राहिले, तर शू, स्प्रिंग किंवा व्हील सिलिंडर पाहावा लागतो. कुर्ल्यात बनलेल्या, चारही चाकांना ड्रम असलेल्या जुन्या फियाटलाही हाच क्रम लागू पडतो.

१९५३ मध्ये जॅग्वारने ल मां शर्यत डिस्क ब्रेकवर जिंकली आणि डिस्कचा प्रसार वाढला. हौशी मंडळी जुन्या गाडीला डिस्क बसवतात, पण ड्रमचा मास्टर सिलिंडर तसाच ठेवतात. त्यातला झडपेने राखलेला दाब ड्रमच्या स्प्रिंगांना पेलतो. डिस्कला अशा स्प्रिंगा नसतात, म्हणून पॅड घासत राहतात. अशा वेळी पॅड बदलून उपयोग नाही, डिस्कसाठीचा मास्टर सिलिंडरच बसवावा लागतो.